वैमानिक आणि टीकास : हवेतील टक्कर टाळणाऱ्या इशाऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, लातूर आणि नांदेड येथे वैमानिक होण्याची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी हवाई वाहतुकीचे विषय शिकवतो. वर्गात मुले आणि वर्गाबाहेर त्यांचे पालक फिरून फिरून एकाच विषयावर येतात : दोन विमाने एकमेकांच्या वाटेत आली तर काय होते, आणि त्या क्षणी शब्द कोणाचा चालतो? दिल्लीहून बेंगळुरूकडे किंवा मुंबईहून हैदराबादकडे जाणाऱ्या विमानांच्या पांढऱ्या रेघा मराठवाड्याच्या आकाशात रोज दिसतात आणि खालून पाहताना दोन रेघा एकमेकींना छेदल्यासारख्या वाटतात. त्यामुळे हा प्रश्न आपल्या भागात स्वाभाविकच आहे. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

टीकास म्हणजे काय?

प्रवासी विमानात बसवलेली, दुसऱ्या विमानाशी होऊ शकणारी टक्कर ओळखून वैमानिकाला वर जा किंवा खाली या असे सांगणारी ही यंत्रणा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत तिला एकास म्हणतात, तर वैमानिकांच्या रोजच्या बोलण्यात टीकास हेच नाव आहे. जमिनीवरचे रडार, जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या नियंत्रकाचा आवाज, ठरवून दिलेली उंची हे सगळे उपाय अपुरे पडले तर उरणारा हा शेवटचा आधार आहे. तिचे काम जमिनीवरच्या कोणत्याही उपकरणावर अवलंबून नाही, ही तिच्या रचनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय.

ती दुसरे विमान ओळखते कशी?

प्रत्येक प्रवासी विमानात ट्रान्सपॉन्डर नावाचे उपकरण असते. टीकास १०३० मेगाहर्ट्झवर आसपासच्या ट्रान्सपॉन्डरना विचारणा करते आणि त्यांची उत्तरे १०९० मेगाहर्ट्झवर येतात. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते, उत्तरातच उंची सांगितलेली असते आणि अँटेनावरून दिशेचा साधारण अंदाज येतो. हे सेकंदासेकंदाला चालू राहते.

यानंतर ती जो हिशेब करते तो बारावीच्या विद्यार्थ्याला सहज समजेल असा आहे. दोन विमानांमधील अंतराला ते अंतर कमी होण्याच्या वेगाने भागले की भेट व्हायला किती सेकंद उरले आहेत ते मिळते. यंत्रणा किलोमीटरपेक्षा या सेकंदांवर लक्ष ठेवते. समोरासमोर येणाऱ्या विमानांना दहा किलोमीटर हे अंतर फार थोडे असते, तर एकाच दिशेने मागेपुढे चाललेल्या विमानांना तेच अंतर भरपूर असते. अगदी हळूहळू जवळ येणाऱ्या विमानांच्या बाबतीत मात्र केवळ सेकंदांचा हिशेब फसवा ठरू शकतो, म्हणून ठरावीक किमान अंतराची अटही त्यासोबत लावलेली असते.

वैमानिकाला किती वेळ मिळतो?

उंचीप्रमाणे तो बदलतो. वीस हजार फुटांच्या वर पहिला इशारा संभाव्य भेटीच्या सुमारे ४८ सेकंद आधी आणि कृतीचा आदेश सुमारे ३५ सेकंद आधी येतो. जमिनीजवळ विमानांचा वेग कमी आणि गर्दी जास्त असते, त्यामुळे तेथे आदेशासाठी १५ सेकंदांपर्यंतच वेळ उरतो.

हे आकडे ऐकून पालकांना ३५ सेकंद पुष्कळ वाटतात. ताशी साडेआठशे किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला सुमारे ४७० मीटरने घटते. संभाजीनगर शहरापासून दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत जेवढे अंतर आहे, तेवढे ती दोघे मिळून साधारण अर्ध्या मिनिटात कापतात. एवढ्या अंतरावरचे विमान काचेतून पाहिले तर जेमतेम ठिपका दिसतो, आणि ढग असतील तर तोही नाही.

टीए आणि आरए यांत फरक काय?

टीए (ट्रॅफिक अ‍ॅडव्हायजरी) हा सावध करणारा इशारा आहे. ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा आवाज येतो आणि पडद्यावर ते विमान पिवळट नारिंगी वर्तुळाच्या रूपात दिसते. यावर विमान हलवायचे नसते. विमान चालवणाऱ्या वैमानिकाने हात नियंत्रणांवर न्यायचा, दोघांनी बाहेर पाहायचे आणि पुढच्या आदेशासाठी तयार राहायचे, एवढेच टीएवर अपेक्षित असते. केवळ टीएवर उंची किंवा दिशा बदलणारा वैमानिक नसलेला धोका निर्माण करू शकतो.

आरए (रिझोल्यूशन अ‍ॅडव्हायजरी) हा कृतीचा आदेश आहे. ‘क्लाइंब, क्लाइंब’ (वर चढा), ‘डिसेंड, डिसेंड’ (खाली उतरा), ‘लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ’ (चढउतार थांबवा) असे शब्द ऐकू येतात आणि ते विमान लाल चौकोन होते. आरए आला की चर्चा संपते.

आरए आल्यावर कॉकपिटमध्ये नेमके काय घडते?

‘क्लाइंब, क्लाइंब’ असा आवाज येताच विमान चालवणारा वैमानिक ऑटोपायलट काढतो. एअरबसच्या बहुतेक विमानांत त्याच वेळी दुसऱ्या वैमानिकाला फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे पडद्यावर मार्गदर्शक रेषा दाखवणारी सोय, बंद करायला सांगितले जाते, कारण त्याच्या रेषा जुनाच मार्ग दाखवत राहतात आणि डोळ्यांना चुकीचे आमिष दाखवतात. समोरच्या पडद्यावर चढउताराच्या वेगाच्या पट्टीवर लाल आणि हिरवे भाग उमटतात. लाल भागातून बाहेर पडून सुई हिरव्यात आणायची, इतके ते काम नेमके असते.

पहिल्या आदेशाला पाच सेकंदांत प्रतिसाद मिळेल, असे यंत्रणेने धरलेले असते. चढण्याचा किंवा उतरण्याचा अपेक्षित वेग मिनिटाला १,५०० फूट असतो, म्हणजे सेकंदाला २५ फूट. वैमानिक आणखी पाच सेकंद गोंधळला, तर मिळणाऱ्या अंतरातून १२५ फूट गेले असे समजावे. ३५ सेकंदांतील पहिले पाच प्रतिसादात गेले, तरी उरलेल्या अर्ध्या मिनिटात सुमारे ७५० फुटांचा फरक पडतो, आणि तो पुरेसा असतो. परिस्थिती सुधारत नसेल, तर ‘इन्क्रीज क्लाइंब’ किंवा ‘इन्क्रीज डिसेंट’ असा पुढचा आदेश येतो. त्यावर अडीच सेकंदांत आणि मिनिटाला २,५०० फुटांच्या वेगाने प्रतिसाद द्यायचा असतो. समोरचे विमान अनपेक्षित वागले, तर आदेश उलटूही शकतो आणि ‘क्लाइंब, क्लाइंब नाऊ’ असे ऐकू येते.

दुसरा वैमानिक या वेळी नियंत्रकाला आपल्या उड्डाण क्रमांकासह ‘टीकास आरए’ एवढेच सांगतो. त्या क्षणापासून नियंत्रकाने त्या विमानाची उंची बदलण्याचा प्रयत्न करायचा नसतो. धोका टळला की ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ असा आवाज येतो. मग विमान आधीच्या उंचीवर परत न्यायचे आणि तसे नियंत्रकाला कळवायचे. काही तरुण वैमानिक घाबरून आदेशापेक्षा जास्त चढतात. उंच आकाशात वरची आणि खालची वाट एक हजार फुटांवरच असते, त्यामुळे हा अतिरेक तिसऱ्या विमानाच्या उंचीत घुसण्यापर्यंत जाऊ शकतो. आदेश जेवढा, तेवढीच हालचाल करावी.

नियंत्रक एक सांगतो आणि यंत्रणा दुसरे सांगते, तेव्हा कोणाचे ऐकायचे?

यंत्रणेचे. माझ्या मते या संपूर्ण विषयातील हे सर्वांत महत्त्वाचे उत्तर आहे आणि त्यामागचे कारण पाठ न करता समजून घेतले पाहिजे.

दोन्ही विमानांत टीकास असेल, तर त्या दोन यंत्रणा ट्रान्सपॉन्डरद्वारे आपसांत ठरवतात की एकाने वर जायचे आणि दुसऱ्याने खाली. दोन्हींनी एकाच वेळी एकच दिशा निवडली, तर ट्रान्सपॉन्डरच्या ओळख क्रमांकावरून तिढा सोडवला जातो : लहान क्रमांकाच्या विमानाची निवड कायम राहते आणि मोठ्या क्रमांकाचे विमान आपली दिशा बदलते. म्हणजे आदेश कानावर पडतो, त्याच्या आधीच दोन विमानांमध्ये करार झालेला असतो. नियंत्रकाला तो करार दिसत नाही. त्याच्या पडद्यावरची माहितीही काही सेकंद जुनी असते. अशा वेळी एका वैमानिकाने करार पाळला आणि दुसऱ्याने नियंत्रकाचे ऐकले, तर दोन्ही विमाने एकाच दिशेने जाऊ शकतात.

हे घडलेले आहे. ३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या किनाऱ्याजवळ एकाच कंपनीच्या दोन विमानांबाबत प्रशिक्षणार्थी नियंत्रकाने उड्डाण क्रमांकात गफलत केली आणि चुकीच्या विमानाला खाली यायला सांगितले. त्या विमानाच्या यंत्रणेने वर जाण्याचा आदेश दिला होता, तरी कॅप्टनने नियंत्रकाचे ऐकले. समोरचे विमान आपल्या यंत्रणेच्या आदेशाप्रमाणे खालीच येत होते. शेवटच्या क्षणी विमान डोळ्यांनी दिसल्यामुळे टक्कर टळली, पण जोरदार हिसक्यामुळे सुमारे शंभर जण जखमी झाले.

दीड वर्षाने, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीतील युबरलिंगेन गावावर मॉस्कोहून बार्सिलोनाला निघालेले टुपोलेव्ह-१५४ आणि बेर्गामोहून ब्रुसेल्सला जाणारे मालवाहू बोइंग ७५७ यांची टक्कर झाली. दोन्ही विमाने ३६ हजार फुटांवर होती. झ्युरिकच्या नियंत्रण कक्षात एकच नियंत्रक दोन टेबले सांभाळत होता, दूरध्वनीची मुख्य यंत्रणा आणि टक्करीचा दृश्य इशारा देणारी सोय दुरुस्तीसाठी बंद होती. त्याने टुपोलेव्हला खाली यायला सांगितले, आणि काही सेकंदांतच त्या विमानाच्या टीकासने ‘क्लाइंब’ असा आदेश दिला. बोइंगच्या टीकासने ‘डिसेंड’ म्हटले आणि त्याच्या वैमानिकांनी ते पाळले. टुपोलेव्हमध्ये यंत्रणा वर जायला सांगते आहे, हे सहवैमानिकाने बोलूनही दाखवले, तरी विमान खालीच येत राहिले. ७१ माणसे मरण पावली, त्यांत सुट्टीला निघालेली कितीतरी शाळकरी मुले होती.

या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नियमांची भाषा निःसंदिग्ध करण्यात आली. आरए आणि नियंत्रकाची सूचना यांत विरोध असेल, तर वैमानिकाने आरए पाळायचा, आणि कोणत्याही परिस्थितीत आरएच्या उलट दिशेने विमान न्यायचे नाही. नियंत्रकाने वेगळे काही सांगितल्यास उत्तर ठरलेले आहे : ‘अनेबल, टीकास आरए’, म्हणजे ‘शक्य नाही, टीकासचा आदेश आहे’. मुलांना मी हे शब्द मोठ्याने म्हणायला लावतो, कारण अधिकारी व्यक्तीला नकार देण्याची सवय आपल्या घरांत आणि शाळांत लावलेली नसते आणि येथे तो नकार विनाविलंब द्यायचा असतो.

दुसरे विमान डोळ्यांनी दिसत असेल, तरीही आदेश पाळायचा का?

होय. दिसणारे विमान तेच आहे याची खात्री नसते. रात्री दिव्यांवरून उंचीचा अंदाज हमखास चुकतो आणि ढगांचा काठ तिरपा असेल, तर दिवसाही चुकतो.

यंत्रणा डावीकडे किंवा उजवीकडे वळायला का सांगत नाही?

तिला दिशेचे ज्ञान पुरेसे अचूक नसते. अंतर आणि उंची मात्र ती बरीच अचूक जाणते, म्हणून आदेश फक्त उभ्या दिशेचा असतो. शिवाय मोठे विमान वळवून वाट बदलायला जो वेळ लागतो, त्याच्या तुलनेत काहीशे फूट चढणे किंवा उतरणे झटपट होते. पडद्यावरचे चिन्ह पाहून स्वतःच्या बुद्धीने वळणे म्हणूनच चुकीचे मानले जाते.

आरए न पाळण्याचे प्रसंग असतात का?

थोडे असतात. विमान हवेतील आधार गमावण्याच्या बेतात असल्याचा, समोर जमीन असल्याचा किंवा वाऱ्याच्या धोकादायक झोताचा इशारा आला, तर तो आधी पाळला जातो. एरवी, आदेश पाळल्याने विमानच धोक्यात येणार असेल, तर वैमानिक तो नाकारू शकतो. तेव्हाही उलट दिशा घेण्याची मुभा त्याला नसते.

आरए आला म्हणजे कोणाची तरी चूक झालेली असते का?

प्रत्येक वेळी नाही. एक विमान ३३ हजार फुटांवर सरळ चालले आहे आणि दुसरे ३२ हजार फुटांवर थांबण्यासाठी वेगाने चढत आहे, असे समजा. दुसरा वैमानिक वेळेवर थांबणार आहे, हे यंत्रणेला माहीत नसते. तिला फक्त चढण्याचा वेग दिसतो आणि ती आदेश देते. म्हणून नेमून दिलेल्या उंचीपासून शेवटचे हजार फूट उरले की चढउताराचा वेग मिनिटाला १,५०० फुटांच्या आत आणावा, असा सल्ला आहे. या साध्या शिस्तीने कितीतरी अनावश्यक आदेश टळतात. तरीही आलेला आदेश ‘हा अनावश्यकच असणार’ असे मनाशी ठरवून सोडून देणे हा गंभीर दोष आहे, कारण कॉकपिटमध्ये बसून ते ठरवण्याइतकी माहिती कोणाकडेच नसते.

भारतात ही यंत्रणा कधी सक्तीची झाली?

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ यांची टक्कर होऊन ३४९ माणसे मरण पावली. हवेतील टक्करींमध्ये इतकी जीवितहानी दुसरी नाही. इल्युशिनला १५ हजार फुटांवर थांबायचे होते आणि सौदी विमानाला १४ हजार फुटांवर. इल्युशिन त्याच्या उंचीखाली उतरले. दिल्लीला येणारी आणि जाणारी विमाने त्या वेळी एकच वाट वापरत होती आणि तेथील रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर वाटा वेगळ्या झाल्या, रडार सुधारले आणि भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवासी विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा बंधनकारक झाली. अमेरिकेत १९८६ साली सेरिटोस येथे झालेल्या टक्करीनंतर असा कायदा झाला होता आणि १९९३ अखेर तेथील मोठ्या प्रवासी विमानांत ही यंत्रणा बसली होती. जागतिक नियमानुसार १ जानेवारी २००५ पासून १९ पेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या टर्बाइन इंजिनाच्या विमानांनाही ती लागू आहे, त्यामुळे नांदेडसारख्या विमानतळावर उतरणाऱ्या लहान प्रवासी विमानांतही ती असते.

चिकलठाण्याला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावर, उतरताना ही यंत्रणा काम करते का?

जमिनीपासून साधारण एक हजार फुटांपर्यंत करते. त्याखाली ती कृतीचे आदेश देत नाही, कारण तेथे खाली जायला जागा नसते आणि उतरण्याच्या तयारीत असलेल्या विमानाला अचानक चढवणे स्वतःच जोखमीचे असते. ही उंची रेडिओ अल्टिमीटरने जमिनीपासून मोजली जाते. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे एकोणीसशे फूट उंच आहे, त्यामुळे मुलांनी हा फरक नीट लक्षात ठेवावा.

या निमित्ताने अनेक पालक २६ एप्रिल १९९३ च्या अपघाताची आठवण काढतात. चिकलठाण्याहून निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ ने धावपट्टीच्या टोकाशी उशिरा जमीन सोडली, बाहेरच्या रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला ते धडकले, पुढे विजेच्या तारांना लागून कोसळले आणि ५५ जण मरण पावले. टीकास असती तर तो अपघात टळला असता का, या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. ट्रकला ट्रान्सपॉन्डर नसतो. धावपट्टीच्या टोकाची मोकळी जागा आणि लगतच्या रस्त्यावरची वाहतूक यांची काळजी जमिनीवरच घ्यावी लागते, आणि त्यात कुचराई झाली तर विमानातली कोणतीही यंत्रणा ती भरून काढत नाही.

आणखी काय तिला दिसत नाही?

ट्रान्सपॉन्डर नसलेले किंवा बंद असलेले काहीही दिसत नाही : पक्षी, ड्रोन, पतंग, ग्लायडर. ट्रान्सपॉन्डर आपली उंची कळवत नसेल, तर टीए मिळतो पण आरए मिळत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलमध्ये एका छोट्या एम्ब्राएर जेटचा ट्रान्सपॉन्डर प्रक्षेपण करत नव्हता. समोरून त्याच उंचीवर येणाऱ्या गोल कंपनीच्या बोइंग ७३७ च्या टीकासला ते दिसलेच नाही. बोइंगमधील सर्व १५४ जण मरण पावले आणि छोटे जेट मोडक्या पंखासह उतरले. उत्तम यंत्रणाही समोरच्याने उत्तर दिले तरच उपयोगी पडते.

प्रवाशाला काय जाणवते?

बहुतेक वेळा फारसे काही नाही. अपेक्षित हालचाल पाव जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाव हिश्श्याएवढी असते; विमान वर जाऊ लागताना साठ किलो वजनाच्या माणसाला काही क्षण पंच्याहत्तर किलोचे झाल्यासारखे वाटते. इंजिनांचा आवाज बदलतो आणि विमान थोडे वर किंवा खाली जाते. पट्टा न बांधलेल्या आणि वाटेत उभ्या असलेल्या माणसाला मात्र इजा होऊ शकते. बसल्यावर पट्टा सैलसर तरी बांधून ठेवावा, असे मी नातेवाइकांना नेहमी सांगतो.

नंतर वैमानिकाला जाब विचारला जातो का?

प्रत्येक आरएचा अहवाल द्यावा लागतो आणि विमानाच्या नोंदी तपासल्या जातात. आदेश पाळल्यामुळे नेमलेली उंची सोडली, यासाठी वैमानिकाला दोष दिला जात नाही. उशीर, अतिरेक किंवा उलट हालचाल झाली असेल, तर पुन्हा सिम्युलेटरमध्ये सराव करून घेतला जातो. अहवाल दडवण्याची प्रवृत्ती मला सर्वांत घातक वाटते, कारण युबरलिंगेनच्या आधी जपानमध्ये मिळालेला धडा जगभर वेळेवर पोचला असता, तर कदाचित ती मुले आज हयात असती.

हे काम पुढे ऑटोपायलटच करील का?

काही विमानांत आजही करतो. एअरबसने २००९ मध्ये ए३८० साठी अशी सोय आणली, जिच्यात आरए आल्यावर ऑटोपायलट स्वतःच विमान हिरव्या पट्टीत नेतो, आणि ए३५० मध्येही ती आहे. टीकासच्या ७.१ आवृत्तीत युबरलिंगेनसारख्या प्रसंगात आदेश लवकर उलटवण्याची क्षमता वाढवली गेली आणि वैमानिकांना गोंधळात टाकणाऱ्या ‘अ‍ॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड’ या शब्दांऐवजी ‘लेव्हल ऑफ’ आले. एकास एक्स नावाच्या पुढच्या पिढीतील यंत्रणेत आधीच गणित करून ठेवलेल्या तक्त्यांवरून आदेश निवडला जातो, त्यामुळे अनावश्यक आदेश कमी व्हावेत अशी अपेक्षा आहे. आपल्याकडील मुलांना नोकरीच्या सुरुवातीला मात्र हाताने प्रतिसाद द्यावा लागणारी विमानेच अधिक मिळतील. स्वयंचलित सोय असलेल्या विमानातही पट्टीवरची सुई हिरव्यात जाते आहे की नाही हे वैमानिकाने पाहायचे असते, आणि जात नसेल तर ऑटोपायलट काढून विमान स्वतः न्यायचे असते.